हुकमाचं शेपूट

टिपणीससरांइतका भित्रा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. विंचू, वीज, ओली फरशी, टांग्याचा घोडा, गच्चीचा कठडा, भडकलेला स्टोव्ह, सगळ्याला ते भ्यायचे. मासुंदा तलावाच्या काठाने जाताना नेहमी आतल्या अंगाने चालायचे आणि बरोबर कोणी असलं तर त्यालाही बोलता बोलता कोपराने आत ढकलायचे. असा हा माणूस ठाण्यातल्या आमच्या शाळेचं बालवीर पथक चालवत होता. म्हणजे पोरांना रानात न्यायचं, दोरावर चढवायचं, चुली पेटवायला शिकवायचं. तेही कचेरीतली कारकुनी सांभाळून, एक पै न घेता.

पन्नास-एक्कावन्नचा सुमार असेल. मी शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. तालमीत कमावलेलं अंग होतं आणि आपल्याला कशाचंच भय नाही अशी समजूत होती. हेडमास्तरांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "वैद्य, तुम्ही टिपणीसांच्या हाताखाली जा. त्यांना एक धीट माणूस हवाच आहे."

मैदानावर गेलो तर खाकी अर्ध्या चड्डीतून दोन काटक्या बाहेर आलेल्या, गळ्यात कडक इस्त्रीचा गळपट्टा, दोरीला अडकवलेली पितळी शिट्टी, आणि एक गाल फुगलेला. दाढ सुजली असेल असं मला वाटलं. ती खडीसाखर होती. सरांच्या गालात सदैव खडीसाखरेचा खडा असायचा आणि खिशात पुडी. त्यांना पोरं मागून 'साखरसर' म्हणत.

"पोहता येतं?" त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"येतं की! खाडी पार केलेली आहे मी," मी छाती काढून सांगितलं.

"ते पोरांना सांगू नका." मग जरा थांबून, "घाबरता कशाकशाला?"

"कशालाच नाही."

त्यांनी माझ्याकडे फार काळजीने पाहिलं. "मग शिकावं लागेल, वैद्य. इथे घाबरायचं काम आपलं असतं. आपण नीट घाबरलो की पोरांना घाबरावं लागत नाही."

मला हसू आलं होतं. आज येत नाही. सरांनी मला जे काही शिकवलं ते सगळं या एका वाक्याच्या पोटातलं होतं.

घाबरण्याची त्यांची एक पद्धत होती. सहलीची जागा आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन बघायची. विहिरीच्या काठाचा एकेक दगड पायाने हलवून बघायचा. झाडाखाली बसण्याआधी वर बघायचं. चालताना पुढाऱ्याने सगळ्यात मागे राहायचं, कारण पुढचा पोरगा हरवत नाही, मागचा हरवतो. "आणि वैद्य, जे काही करणार ते पोराच्या आईला तोंडावर सांगता येईल का, हे मनाशी विचारायचं. जीभ अडखळली की बेत रद्द." मग मी पाहायचो, की सर ओठातल्या ओठात खरंच कुठल्या तरी आईशी बोलत असायचे.

सगळ्या पोरांच्या त्यांनी जोड्या लावल्या होत्या. केव्हाही, कुठेही सर ओरडायचे, "जोडी?" की प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा. ज्याचा हात एकटा तो ओरडणार. झाडीत, बाजारात, जत्रेत, दर पाच-दहा मिनिटांनी, "जोडी?" याची त्यांना इतकी सवय लागली होती, की एकदा भाजीबाजारात ते मला सपत्नीक भेटले आणि माझ्याशी बोलता बोलता मध्येच त्यांनी हाक दिली, "जोडी?" वहिनींनी मेथीची जुडी धरलेला हात निमूटपणे वर केला. भाजीवाली हसत सुटली. सरांना त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. मी पहिल्याच दिवशी एका पोराला म्हटलं, "तू इथे सामानापाशी उभा राहा." सर पलीकडून धावतच आले.

"वैद्य, शेपूट कुठंय?"

"कसलं शेपूट?"

"हुकमाचं! इथे उभा राहा, ठीक आहे. कुठवर? पाऊस आला तर? बैल अंगावर आला तर? नुसता हुकूम सोडायचा नाही. शेपूट लावून सोडायचा." मग त्या पोराकडे वळून, "बाळ, इथे उभा राहा, आम्ही पाणी भरून येईपर्यंत. काहीही वावगं दिसलं तर सामान सोडून आमच्याकडे पळत ये. सामान गेलं तर चालेल." पोरगा मान डोलावून उभा राहिला. मला हे सगळं पाल्हाळ वाटलं होतं.

याहून चमत्कारिक म्हणजे चुकीचा हुकूम. दर शनिवारी कवायत चालू असताना सर मध्येच, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता, एखादा भलताच हुकूम सोडायचे. "बूट घालून विहिरीत उतरा!" किंवा "गवताने पेट घेतला तरी चूल सोडायची नाही!" मग पोरांनी काय करायचं, तर एक पाऊल पुढे यायचं आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, "नाही, सर. कारण..." आणि कारण सांगायचं. कारण नसलेलं 'नाही' सर चालवून घेत नसत. चांगलं कारण देणाऱ्याला खडीसाखरेचा खडा.

याचा बोभाटा होणारच होता. एक गृहस्थ तणतणत मैदानावर आले. "अहो टिपणीस, काय शिकवता हो तुम्ही पोरांना? काल मी याला म्हटलं, साहेबाचा माणूस आलाय, बाबा घरी नाहीत म्हणून सांग. तर हा माझ्यापुढे सावधान उभा राहून म्हणतो, नाही, बाबा. कारण तुम्ही घरी आहात!" मी तोंड फिरवून हसू दाबलं. सर मात्र गंभीरपणे म्हणाले, "कारण बरोबर आहे हो." गृहस्थांनी दोन आठवडे पोराला पाठवलं नाही, मग आईने पाठवला.

सगळी पोरं या खेळात तरबेज झाली होती, एक सोडून. वसंता दळवी. पथकातला सगळ्यात मोठा, सगळ्यात चपळ, सगळ्यात चांगला. विधवा आईचा एकुलता एक. झेंड्यांनी निरोप पाठवण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. पण चुकीचा हुकूम त्याला कधी ओळखूच आला नाही. सरांच्या तोंडून शब्द पडायचा अवकाश, वसंता बूट घालून विहिरीकडे निघालेला असायचा. त्याला धावत जाऊन धरावं लागायचं. पोरं हसायची. सर हसत नसत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडायचा आणि पुढच्या शनिवारी ते खास वसंतासाठी आणखी सोपा, आणखी वेडगळ हुकूम शोधून आणायचे. या पोराने एकदा, फक्त एकदा 'नाही, सर' म्हणावं, एवढंच जणू त्यांना हवं होतं.

का, ते मला आधी वसंताकडून कळलं. नवीन पोरगं पथकात आलं की तो ही गोष्ट सांगायचाच. छातीवर बिल्ला होता, त्यावर बोट ठेवून सांगायचा. मी येण्याआधीची ही गोष्ट.

"खाडीवर गेलेलो आम्ही, झेंड्यांच्या सरावाला. सरांनी मला फुटक्या बांधाच्या टोकाला उभा केलेला. म्हणाले, मी शिट्टी वाजवेपर्यंत हलायचं नाही. मग पाणी चढायला लागलं. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेच्या वर. एक आगरी होडी घेऊन आला, म्हणतो चल. मी म्हटलं शिट्टी वाजलेली नाही. शेवटी त्याने मला उचलूनच घातलं होडीत. पण झेंडे बघ, असे वर धरलेले, एक थेंब लागू दिला नाही! मी हललेलोच नाही रे."

शाळेने सगळ्यांसमोर त्याचा सत्कार केला होता. बिल्ला त्याचाच. गोष्ट संपली की पोरं टाळ्या वाजवायची आणि सर तिथे असले तर उठून लांब जायचे. माझ्याही अंगावर मूठभर मांस चढायचं तेव्हा. काय पोरगा, म्हणायचो.

मग येऊरच्या पायथ्याशी आमचं शिबिर भरलं. ओढ्यावर पोरांनी काथ्याच्या दोराचा पूल बांधला होता. खाली खडक होते. दहिवराने दोर भिजला होता आणि गाठी सैल पडल्या होत्या. सरांनी सकाळीच सांगितलं, "दोर सुकून गाठी पुन्हा आवळेपर्यंत पुलावर कोणी जायचं नाही." तेवढ्यात जिल्ह्याचे एक बडे साहेब तपासणीला आले. बरोबर फोटोवाला. साहेबांना पूल आवडला.

"चला, सगळी टोळी पुलावर! फोटो होऊन जाऊ दे!"

पोरं एक पाऊल पुढे आली आणि एका आवाजात म्हणाली, "नाही, सर. कारण दोर ओला आहे."

साहेबांचे कान तांबडे झाले. टिपणीससर काहीतरी बोलायला पुढे सरसावले, पण त्याआधीच "मी जातो, सर!" म्हणून वसंता पुलावर चढलासुद्धा. मधोमध पोचला आणि एक गाठ सुटली. पूल एका अंगाला कलंडला. वसंता हातांवर लोंबकळला. सर खालच्या खडकांत उतरून, दोन्ही हात पसरून, तो जसा सरकेल तसे खालून सरकत होते. त्यांच्या त्या काटक्यांनी काय झेललं असतं, देव जाणे. कशालाच न भिणारा मी, माझे पाय जमिनीला चिकटले होते.

वसंता हातांवर चालत पलीकडे पोचला, उभा राहिला आणि तीन बोटं कपाळाला लावून त्याने कडक सॅल्यूट ठोकला. साहेब खूश. "शाब्बास! याला म्हणतात शिस्त! बाकीच्यांना कोणी शिकवली नाही वाटतं?"

साहेब गेल्यावर सर ओढ्यातल्या दगडावर बसले. पुडीतून खडीसाखर काढायला गेले तर सगळी सांडली. मी शेजारी जाऊन बसलो. तेव्हा त्यांनी मला खाडीची तीच गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली.

"जागा मी बघितली होती हो, वैद्य. अगदी भरतीच्या वेळेला जाऊन बघितली. बांध पाण्याच्या हातभर वर होता. पण गेलो होतो अष्टमीला. अष्टमीची भरती म्हणजे भांगाचं पाणी, जेमतेम चढणारं. आणि पोरांना नेलं अमावास्येला. उधाणाला. घरात पंचांग आहे, रोज तिथी बघतो, आणि हे डोक्यात आलं नाही. वसंताला टोकाला उभा केला आणि मी दुसऱ्या टोळीकडे गेलो. तिथे एका पोराचा पाय कालवांच्या शिंपल्यांवर चिरला. भळभळा रक्त. त्याला उचलून रस्त्यापर्यंत नेला, टांगा बघितला, आणि मागे वळलो तर बांधच दिसेना. नुसतं पाणी, आणि पाण्यात दोन झेंडे."

त्यांनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली.

"शिट्टी तोंडात घातली. वाजेना. भीतीने तोंड असं कोरडं पडलं होतं, ओठ मिटेनात, फुंकर निघेना. नुसता फस्स आवाज. मी पळत सुटलो. होडीवाला त्याला घेऊन किनाऱ्याला लागला, मला म्हणाला, 'मास्तर, यो पोऱ्या येरा हाय का? मी बोलतंय चल, त हालं ना!' आणि वसंता... ओठ निळे पडलेले, हुडहुडी भरलेली, आणि माझ्याकडे बघून हसत म्हणतो, मी हललो नाही, सर."

"मोठा धीराचा पोरगा," मी म्हणालो.

"तेच हसू मला दिसतं हो रोज," सर म्हणाले. "पाण्याचं काय, पाणी चढणारच. पण तो बुडाला असता ना, तर माझ्याकडे बघून असाच हसत बुडाला असता. दुसऱ्या दिवशी त्याची आई लाडू घेऊन घरी आली. म्हणाली, तुमच्यामुळे पोराला वळण लागलं. मला एक घास उतरला नाही. शाळेने बिल्ला दिला. आता त्याला कसं सांगू, की तो बिल्ला माझ्या चुकीचा आहे? मोडून पडेल तो."

खडीसाखर कशासाठी, हे मला तेव्हा उमगलं. तोंड कोरडं पडू नये म्हणून तो खडा होता. पुन्हा कधी शिट्टी वाजवायची वेळ आली तर.

साहेबांनी जाता जाता हेडमास्तरांच्या कानात 'शिस्त नसलेलं पथक' असं काही घातलं असावं. थोड्याच दिवसांत हेडमास्तरांनी सरांना गोड शब्दांत विश्रांती घ्यायला सांगितलं आणि पथक माझ्या गळ्यात पडलं. सर डोंबिवलीला भावाच्या शेजारी राहायला गेले. तेव्हाची डोंबिवली म्हणजे सापांचं माहेर. वहिनींनी मला सांगितलं, की ते अंथरूणसुद्धा काठीने झटकून मग बसतात. पथकातल्या दोनच वस्तू त्यांनी परत केल्या नाहीत, गळपट्टा आणि शिट्टी.

मी पथक चालवायला लागलो आणि चार-सहा शनिवारांतच मला सरांचा आजार जडला. झाडाखाली वर बघू लागलो. विहिरीचे दगड हलवू लागलो. पंचांगात खाडीचं पाणी शोधू लागलो. वसंताला मी कितीतरी चुकीचे हुकूम देऊन पाहिले. एकदाही 'नाही' म्हणाला नाही. मग मॅट्रिक झाला आणि फौजेत भरती झाला. तालमीतले माझे मित्र त्याची पाठ थोपटत होते, आणि मी ओठातल्या ओठात त्याच्या आईशी बोलत होतो.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते वसंताला निरोप देताना, कल्याण स्टेशनावर. उत्तरेकडे जाणारी मेल तिथे थांबायची. आई घरीच देवापाशी बसली होती. भर दुपार होती. सर गळपट्टा आणि शिट्टी घालून आले होते. त्या उन्हात, लांबच्या गाडीच्या लोकांत, तो वेश जरा विचित्रच दिसत होता. वसंता पाया पडला. सरांनी खिशातली खडीसाखरेची पुडी काढून सगळीच्या सगळी त्याच्या हातात ठेवली.

"घे. प्रवासात घसा सुकतो." मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "वसंता, एक सांगायचं राहिलंय रे. त्या दिवशी बांधावर माझा हुकूम चुकला होता. त्याला शेपूट नव्हतं. पाणी पायाला लागलं तेव्हाच तू हलायला हवं होतंस."

वसंताचा चेहरा खर्रकन उतरला. "पण सर, बिल्ला..."

"तू धीटच आहेस. पण तू 'नाही, सर' म्हणून परत आला असतास ना, तर मी तुला खांद्यावर घेऊन ठाण्यातून मिरवला असता. इतकी वर्षं तुला सांगायला मी भ्यालो."

गाडीने शिट्टी दिली. "येतो, सर," एवढंच पुटपुटून तो डब्यात चढला. आपण काय करून बसलो, अशा नजरेने सरांनी माझ्याकडे पाहिलं.

गाडी हलली आणि वसंता दाराच्या पायरीवर आला. डाव्या हाताने दांडी धरलेली, उजव्या हाताची तीन बोटं कपाळाला. ताठ. कोपर गाडीच्या बाहेर, नजर सरांवर, आणि पाठ गाडी जात होती त्या दिशेला. प्लॅटफॉर्मच्या टोकाला एंजिनात पाणी भरायचा लोखंडी खांब होता, रुळांना अगदी लागून. तो मी पाहिला. सरांनी माझ्या आधी पाहिला होता.

त्यांनी शिट्टी ओठांत धरली. फस्स. पुन्हा फुंकली. फस्स. गाल रिकामा होता. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "वसंता, आत हो!" पण एंजिनाने वाफ सोडली होती, माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. गाडी वेग घेत होती. सॅल्यूट तसाच ताठ होता. सरांचे डोळे विस्फारले होते, आणि गळ्याच्या शिरा ताणून ते त्या पितळेत नुसती हवा ओतत होते.

आणि वसंताने मान वळवली. खांबाकडे बघितलं. कपाळावरचा हात अर्ध्यात खाली आला, आणि तो पटकन डब्यात मागे झाला. दारासमोरून खांब सपकन गेला.

एकामागून एक डबे गेले. शेवटचा डबाही वळणाआड गेला. सरांनी शिट्टी तोंडातून काढली नव्हती. मीच ती हळूच काढून घेतली.

"वाजली का रे?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला अरे म्हटलं नव्हतं.

"नाही, सर."

"तू हाक मारलीस ना?"

"मारली. पण त्याला ऐकू जाणं शक्यच नव्हतं."

"मग?"

"आपला आपण हलला, सर."

त्यांनी रिकाम्या रुळांकडे पाहिलं. "सॅल्यूट अर्धाच राहिला ना त्याचा?"

"अर्धाच राहिला."

"बरं झालं," सर म्हणाले, आणि कोपराने मला प्लॅटफॉर्मच्या कडेपासून आत ढकललं.